अहोबाईंनी निवडलेलं शिबिर

समोरच्या घरात राहायला आलेल्या बाईचं खरं नाव आमच्या इमारतीत कोणी विचारलंच नाही. विचारायच्या आधीच तिला नाव पडलं. एका सकाळी आम्ही दोघी-तिघी जिन्यात बोलत उभ्या होतो. त्या घरातली थोरली मुलगी, बारा वर्षांची, पाठीला दप्तर अडकवून दारात आली आणि आत तोंड करून ओरडली, "अहो, माझा डबा!"

वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवालीची जीभ म्हणजे कात्री. ती म्हणाली, "अगंबाई! हिचे अहो आत्तापासून डबा भरतात? नशीब काढलं पोरीने."

आतून डबा घेऊन आली ती मुलीची सावत्र आई. आम्ही हसतोय हे तिने पाहिलं आणि तीही आमच्याबरोबर हसली. तिथेच तिची चूक झाली. चिडली असती तर थट्टा तिथेच मेली असती. हसली म्हणून ती अहोबाई झाली, आणि पुढे दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे तिला अहोबाईच म्हणू लागले.

यामागे मुलींची आजी होती, म्हणजे वारलेल्या आईची आई. लग्न झालं त्याच दिवशी तिने नातींना बजावलं होतं, "हिला आई म्हणायचं नाही. आई एकच असते आणि ती वर गेली." बरं, मग मावशी म्हणू? "मावशी म्हणजे माझ्या पोटची. ही आहे का माझ्या पोटची?" काकू? "काकू घरातली असते." तांदळातले खडे काढावेत तसं एकेक नातं आजीने वेचून बाहेर टाकलं. शेवटी थोरलीच्या हाती उरलं ते 'अहो'. धाकटी सात वर्षांची. तिने आजीला न विचारताच 'अगं' सुरू केलं. "अगं, नाडी बांध. अगं, इकडे बघ ना." मुलं आईला मारतात तीच हाक, फक्त पुढचं 'आई' गिळून टाकलेलं.

हे कुटुंब आमच्या शहरात बदलीने आलं. निघताना आजीने जावयाला सांगितलं होतं, "हा एक उन्हाळा बघते. पोरी सुखात दिसल्या तर माझं तोंड बंद. नाही दिसल्या तर घेऊन जाईन, आणि मग परत मागायला यायचं नाही." जावई लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. दिवसभर कुठल्या तरी उंच इमारतीत, लिफ्टच्या खड्ड्यात नाहीतर गच्चीवरच्या यंत्रखोलीत. तिथे फोन लागत नाही. घरी असले तरी ते तसेच, लागत नसत. सासूबाईंना ते 'बरं' म्हणाले. ते सगळ्यांनाच 'बरं' म्हणत.

अहोबाईच्या डोक्यावर तो उन्हाळा टांगलेला होता. स्वतःचं मूल होण्याचं तिचं वय सरलं होतं. तिला ज्या काही मुली मिळणार होत्या त्या ह्याच.

तिचं आधीचं आयुष्य तिने मला तुकड्यातुकड्याने सांगितलं, गॅलरीत कपडे वाळत घालताना. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती शाळा संपवत होती. ती जी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून चिकटली ती निघालीच नाही. लाळ ओढायची नळी धरायची, दिवा वळवायचा, कापूस द्यायचा, हत्यारं उकळायची, आणि मुख्य म्हणजे रडणारी पोरं सांभाळायची. "माझं लग्नाचं वय लोकांचे जबडे धरण्यात गेलं, वहिनी," असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. वडील गेले, बहिणी आपापल्या घरी गेल्या, आणि ती त्या खुर्चीशेजारीच उभी राहिली.

आमच्या शहरातही तिने कोपऱ्यावरच्या दवाखान्यात अर्ध्या दिवसाचं काम धरलं. माझी अक्कलदाढ काढायची होती म्हणून मी तिथे गेले. ती म्हणाली, "एवढी वर्षं जपलीत आणि आता काढताय? पुढे लागली तर?" दुखत होतं तरी मला हसू आलं.

माझ्या आधी एक छोटी मुलगी होती. तिने आईचा दंड असा धरला होता की आईची बांगडी रुतत असेल. अहोबाईने आईला सांगितलं, "ताई, तुम्ही बाहेर बसा."

"अहो, पण ती मला सोडत नाही!"

"तुम्ही आधी सोडा. मग ती सोडेल."

आई बाहेर आली. दार जरा उघडं राहिलं होतं म्हणून मला ऐकू आलं. अहोबाई त्या मुलीला म्हणत होती, "आता इथे कोणी नाही. मी कोणाला सांगणार नाही. खरं सांग, कुठे दुखतं?" मुलीने तोंडात बोट घालून दाखवलं. आईने सांगितली होती ती दाढ वेगळी होती.

घरी येताना ती मला म्हणाली, "मोठ्यांसमोर मूल मोठ्यांना हवं तेच बोलतं. एकटं काढलं की खरं बोलतं. माझ्या एवढ्या वर्षांत एकदाही खोटं ठरलेलं नाही." थोरलीशी तिची पहिली भेटही अशीच झाली होती, त्यांच्या जुन्या शहरात. वडील म्हणाले वरचा दात, आणि एकटी झाल्यावर मुलीने दाखवला खालचा. वर म्हणाली, "बाबांना सांगू नका किती दुखतंय. ते आधीच रडतात." अहोबाईने बाबांना सांगितलं नाही. बाबा पुढच्या आठवड्यात स्वतःचा दात दाखवायला आले. त्या दाताला काही झालेलं नव्हतं म्हणे. लग्न असं जमलं.

उन्हाळा जवळ आला तसा इमारतीत एकच विषय सुरू झाला, तुमची कुठे जाणार? कोणाची पोहायला, कोणाची चित्रकलेला. अहोबाई नवीन. तिला ना रस्ते माहीत ना माणसं. सकाळी ती दवाखान्यात, नवरा लिफ्टमध्ये, मग मुली घरात एकट्या. आणि आजी म्हणणार, पोरी कोंडून ठेवल्या. म्हणून शिबिर तर निवडायलाच हवं होतं. शिकवणीवालीने तिला जिन्यात गाठलं. "सावत्र आईने शिबिर निवडायचं म्हणजे दोरीवरचं चालणं हो. जवळचं निवडाल तर कंजूष, लांबचं निवडाल तर पोरीला घालवून दिलं. मी असते तर नवऱ्यावर ढकललं असतं."

"ह्यांना वेळ नसतो," अहोबाई म्हणाली.

"वेळ नसतो म्हणूनच तर ते शहाणे."

मी म्हटलं, चल, मी येते तुझ्याबरोबर. माझा सकाळचा जप आटोपला की मला दुपारपर्यंत कोण विचारतं?

पहिलं शिबिर एका काचेच्या इमारतीत होतं. गळ्यात टाय बांधलेला एक तरुण आमच्याशी बोलायला आला. "आम्ही प्रत्येक मुलामधला नेता बाहेर काढतो."

अहोबाईने विचारलं, "आणि मूल पडलं तर पहिलं कोण धावतं?"

"आमच्याकडे मुलं पडत नाहीत, मॅडम."

"अगंबाई. मग चालत नसतील."

तिने पिण्याच्या पाण्याचा पेला उचलून वास घेतला आणि जागच्या जागी ठेवला. आम्ही बाहेर पडलो.

दुसरं शहराबाहेर तळ्याकाठी राहण्याचं शिबिर होतं. त्याचं ऑफिस बाजारातल्या एका खोलीत होतं. भिंतभर तंबू आणि होड्यांची चित्रं. तिथली बाई सरावाने बोलत होती. "फोन आम्ही जमा करून घेतो. अगदीच अडलं तर ऑफिसातून करू देतो. पहिले दोन दिवस मुलं रडतात, मग घरी यायला तयार होत नाहीत."

अहोबाई जिना उतरताना म्हणाली, "नको ग बाई. दोन दिवस रडायला मी कशाला पाठवू? घरी रडायला जागा नाही का?"

तिसरं शाळेमागच्या मैदानावर होतं, चालत जाण्यासारखं. पोहण्याचा छोटा हौद, मातीकामाची शेड, दोऱ्यांचे खेळ. शिकवणारी बाई आवाज बसलेली, पाय ओले, गळ्यात शिट्टी. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात एक मूल घसरलं. ते तोंड उघडायच्या आत ती बाई तिथे पोचलेली होती. अहोबाईने माझा हात दाबला. "हेच. संध्याकाळी दोघी घरी. आपल्या ताटावर."

म्हणजे शिबिर ठरलं होतं. ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलं, ह्या कानांनी ऐकलं. तिथेच थांबली असती तर काही झालं नसतं. पण मुलींना विचारल्याशिवाय ठरवणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि विचारण्याची तिची एकच रीत होती.

धाकटीला तिने गॅलरीत नेऊन विचारलं. धाकटी म्हणाली, "तू न्यायला येशील ना? मग चालेल." तेवढ्यात संपलं. थोरलीच्या वेळी तिने नवऱ्याला दूध आणायला पिटाळलं, धाकटीला माझ्याकडे खेळायला सोडलं आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मला वाटलं, कोणाचं तरी चांगलं झालं. ती माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली.

"वहिनी, तिला तळ्यावर जायचंय."

"तळ्यावर? तू तर नको म्हणालीस."

"मी म्हणाले. ती म्हणते, इथे शाळेत माझं कोणी नाही, सगळ्यांच्या मैत्रिणी ठरलेल्या. तिथे सगळ्याच नव्या असतील. खरंय की नाही? केवढं कळतं तिला!" मग तिने आवाज खाली आणला. "पण म्हणाली, मी सांगितलं असं कोणाला सांगू नका. आजीला वाटतं सुट्टीत मी तिच्याकडे यावं, तिला वाईट वाटेल. बाबांना सांगितलं की ते आजीला सांगतात. तुम्हीच ठरवलं म्हणा."

"आणि तू हो म्हणालीस?"

"शेवटी ती काय म्हणाली माहितेय? म्हणाली, 'सांगाल ना, आई?'"

एवढं बोलून ती रडायला लागली, हसत हसतच. मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मी तिला तोंडावर सांगितलं, "हे बघ, मला ही साखर जरा जास्त वाटते. दीड वर्ष अहो, आणि आज काम पडलं तर आई? तिच्या बाबांना बसव, आजीला फोन लाव, आणि सगळ्यांसमोर विचार."

"सगळ्यांसमोर ती नाहीच म्हणेल. आजीला काय हवं ते बोलेल. वहिनी, मी त्या खुर्चीशेजारी उभी राहून म्हातारी व्हायला आले. एकटं मूल खोटं बोलत नाही."

मी पुढे काय बोलणार? ज्याला जे काम येतं त्याला त्यातलं शिकवायला गेलं की आपलंच हसं होतं.

मग रोज संध्याकाळी समोरच्या दारातून ऐकू यायचं. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, म्हणायचे, "अगं, जवळचं ठरलं होतं ना? मधेच हे तळं कुठून आलं?"

"मी ठरवलंय."

"सासूबाई काय म्हणतील?"

"त्यांना सांगा, मी ठरवलं."

"तिला जायचंय का पण?"

"मी ठरवलंय म्हटलं ना!"

असा जोर करून ती कधी बोलायची नाही. भाऊजी शेवटी 'बरं' म्हणाले. शिबिराची बस सुटायच्या दिवशी आम्ही सगळ्या खाली होतो. थोरली खिडकीत बसली होती. अहोबाई खालून तिच्याकडे अशी बघत होती की दोघींचं काही गुपित आहे हे आंधळ्यालाही कळावं. थोरली म्हणाली, "अहो, पाण्याची बाटली राहिली." तिने धावत जाऊन दिली. बस हलल्यावर शिकवणीवाली म्हणाली, "चला, एक काटा निघाला. दुसरा कधी काढायचा?" अहोबाईला ते ऐकू गेलं. तरी ती हसतच होती.

नंतरचे दोन-चार दिवस ती धाकटीला मैदानावर सोडायची, दवाखान्यात जायची, परत येताना घेऊन यायची. धाकटी ओल्या केसांनी तिच्या मांडीवर आडवी होऊन पाण्यात काय काय झालं ते सांगत झोपून जायची, आणि पाय बधिर झाले तरी ही उठायची नाही. मी एकदा म्हटलं, "उशी दे ना तिला." तर म्हणाली, "उशी असते हो रोजच."

एका दुपारी आमची बेल वाजली. दारात आजी. पांढरे केस घट्ट बांधलेले, पायात चालण्याचे बूट, मागे मुलींचा मामा, आणि मामाच्या मागे थोरली. म्हणजे गाडी आधी तळ्यावर जाऊन मग इकडे आली होती.

"तुम्ही समोरच्या ना?" आजी म्हणाली. "जरा आत चला. शेजारी हवेत मला. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीने पोरी पळवल्या." तिने वरच्याही बेली वाजवल्या होत्या. शिकवणीवाली हातातला खडू न ठेवताच खाली आली.

भाऊजींना कामावरून बोलावून घेतलं होतं. ते हाताला काळं वंगण तसंच घेऊन कोपऱ्यात उभे होते. आजी खुर्चीत बसली आणि थोरलीला समोर उभं केलं.

"काल हिचा फोन आला मला. शिबिराच्या ऑफिसातून. रडत होती. म्हणाली, आजी, मला इथे टाकून दिलंय. आता सगळ्यांसमोर विचारते. बाळ, तुला तिथे जायचं होतं?"

थोरली जमिनीकडे बघत म्हणाली, "नाही."

"मग कोणी ठरवलं?"

"ह्यांनी."

आजी जावयाकडे वळली. "काय हो? कोणी ठरवलं?"

भाऊजींनी वंगणाचे हात एकमेकांवर चोळले. "ती म्हणाली... म्हणजे मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, मी ठरवलं."

"ऐकलंत?" आजी आमच्याकडे बघून म्हणाली. "नवऱ्यानेच सांगितलं. मला काही जोडावं लागलं नाही."

अहोबाईचा चेहरा फडक्यासारखा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "मी तिला विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. तिलाच हवं होतं."

"कधी विचारलंत? कोण होतं तिथे?"

"कोणी नव्हतं. एकटीला विचारलं."

"एकटीला!" आजीने टाळी वाजवली. "बारा वर्षांच्या पोरीला दार लावून एकटीला विचारायचं? आमच्यासमोर विचारायला काय जीभ झडली होती? का नवऱ्याला दूध आणायला पाठवावं लागलं?"

दुधाचं आजीला कुठून कळलं? थोरलीकडूनच. अहोबाईलाही ते त्याच क्षणी कळलं असणार. ती थोरलीसमोर गुडघ्यावर बसली. तिच्या अंगाला हात नाही लावला. दवाखान्यात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "बाळा, सांग ना. कोणी रागावणार नाही."

थोरलीने मान वर केली आणि म्हणाली, "अहो, काय सांगू?"

एखादा चाकू जास्त खोल गेला असता, पण इतका स्वच्छ गेला नसता.

त्यानंतर सगळं सोपं होतं. आजीने मामाला कपडे भरायला लावले. अहोबाई धाकटीपुढे आडवी उभी राहिली. "हिला कशाला? ही तर सुखात आहे. निदान हिला तरी विचारा."

"विचारते की," आजी म्हणाली. "एकटीला विचारू का? तुमच्यासारखं?"

शिकवणीवाली फिसकन हसली. मग तिने तोंडावर हात ठेवला, पण हसू बाहेर पडून गेलेलं होतं. भाऊजी म्हणाले, "आत्ता जाऊ दे ग. उन्हाळा संपला की बघू." धाकटीने अहोबाईच्या ओढणीला दोन्ही मुठींनी धरलं होतं. मामा माणूस वाईट नव्हता. तो मुठी सोडवताना "अरे, अरे, असं नाही, गाडीत बसायचं ना," असं काहीतरी पुटपुटत होता. मुठी सोडवेनात तेव्हा अहोबाईनेच ओढणी गळ्यातून काढून दिली. ओरडण्याचा आवाज ओढणीसकट जिना उतरून गेला.

मला राहवलं नाही. मी खाली उतरले. थोरली गाडीला टेकून उभी होती, तोंडात चघळायची गोळी. मी म्हटलं, "देवाची शपथ घेऊन सांग. तू तिला सांगितलं होतंस की नाही?"

"सांगितलं होतं." ती अगदी सहज म्हणाली.

"मग वर का नाही म्हणालीस?"

"आम्हाला इथे आणताना कोणी विचारलं होतं का, काकू? माझी शाळा तिकडे, मैत्रिणी तिकडे. बाबांनी लग्न केलं, बदली घेतली, सगळं आपलं आपण. मीच तेवढं खरं बोलायचं?"

"अगं, तिने तुझं काय वाईट केलं?"

तिने थोडा विचार केला. खरंच विचार केला. "काही नाही," ती म्हणाली. "म्हणून तर दुसरं काही सापडत नव्हतं."

"आणि धाकटी? ती बघ कशी ओरडतेय."

"गप्प होईल. मी आई गेल्यावर झालेच ना."

मी आजीकडे गेले. ती पुढच्या सीटवर बसून पट्टा लावत होती. मी सांगितलं, तुमच्या नातीने आत्ता माझ्याजवळ कबूल केलं. हवं तर विचारा. आजीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मला काय कळत नाही? जन्मापासून बघतेय तिला. खोटं बोलली. अक्कल आहे म्हणून बोलली. माझी मुलगी गेली, निदान तिच्या मुली तरी माझ्या डोळ्यांसमोर राहतील. तुम्ही देवाच्या शपथा घालता ना? सांगा तुमच्या देवाला. त्यानेच सुरुवात केली आहे." काच वर गेली.

त्या बाईवर रागवावं की तिच्यासाठी प्रार्थना करावी, हे मला आजही ठरवता येत नाही. मी दोन्ही करते.

मी भाऊजींना सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. ते म्हणाले, "बरं."

उन्हाळा संपला, शाळा सुरू झाल्या. मुली आल्या नाहीत. भाऊजी रविवारी त्यांना भेटायला जातात. आजीची अट अशी, की एकट्याने यायचं. मुलींच्या खोलीत त्यांनी लिफ्टचे सुटे भाग आणून ठेवले, पावसाळ्यात गोदाम गळतं म्हणून. शिकवणीवालीने एकदा मला विचारलं, "आता काय म्हणायचं हो हिला? अहो म्हणणारी तर गेली." मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिला त्याचं काही वाटलं असं दिसलं नाही.

शिबिराची बस परत आली तेव्हा थोरलीची बॅगही आली होती. आजीने ती तळ्यावरच सोडली होती, 'त्या बाईच्या हातचं काही नको' म्हणून. अहोबाई बॅग उघडेना. कित्येक दिवस ती दाराशी पडून होती. मग एकदा कपड्यांना वास येईल म्हणून तिने उघडली. आत सगळं तिनेच घातलेल्या घड्यांत होतं. टॉवेल कोरा, साबण वेष्टनात, झोपायचे कपडेसुद्धा हलवलेले नाहीत. मुलीने तिथे एकाही रात्री बॅग उघडली नव्हती. राहायचं आहे असं तिने एक तासही धरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला जेवायला वाढलं आणि बॅग तशीच उघडी त्यांच्यासमोर ठेवली. पुढचं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, कामावर जाताना, जिन्याच्या कठड्याला धरून.

भाऊजींनी बॅगेत डोकावून पाहिलं. टॉवेलला बोट लावलं. आणि हसले. वाईटपणाने नाही, प्रेमानेच हसले. "अगदी आईवर गेलीय," ते म्हणाले. "तिलाही जे हवं ते असंच मिळवता यायचं. कोणाला पत्ता लागायचा नाही."

"तुम्हाला माहीत होतं?" हिने विचारलं.

"माहीत म्हणजे... अंदाज आला होता. तिचं तोंड बघून. ती अशी खाली बघते ना, तेव्हा खोटं बोलत असते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पोर सगळ्यांसमोर खोटी पडली असती."

"आणि मी?"

त्यांनी पाणी मागितलं. तिने दिलं.